आधी पाणी, मग दिवा
(वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

मागच्या अंकात मी ‘निसर्ग’ वादळानंतर आमच्या दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर विजेवाचून घरं कशी चालली, त्याबद्दल थोडं लिहिलं होतं. ३ जून २०२० ला हे वादळ रायगडात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आलं. आमच्याकडे केळशी, आंजर्ले, आडे, पाडले या गावांत नारळी-पोफळी आडव्या झाल्या आणि त्यांच्याबरोबर विजेचे खांबही. बऱ्याच वाड्यांना दिवे बघायला कित्येक आठवडे लागले. त्या लेखावर भरपूर पत्रं आली. बहुतेकांना एकच विचारायचं आहे, की कमी पैशात घराची तयारी कशी करायची. मी अंगणवाडी सेविका होते. नोकरीभर घरोघरी फिरल्यामुळे कुणाच्या घरात काय असतं आणि वेळेला काय सापडत नाही, हे मी जवळून पाहिलं आहे. त्याच भरवशावर उत्तरं देते.

ताई, आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. घरात पाच माणसं, सासूबाई थकलेल्या. विहिरीवर एक अश्वशक्तीचा पंप आहे, तो बसवला तेव्हा जुना रहाट काढून टाकला. यंदा पावसाळ्याआधी इन्व्हर्टर घ्यावा म्हणून वीस हजार रुपये बाजूला काढलेत. कोणता घ्यावा?

पैसे बाजूला काढलेत ते फार चांगलं केलंत. पण इन्व्हर्टर इतक्यात घेऊ नका. आधी रहाट परत बसवा.

हिशेब सांगते. घरगुती इन्व्हर्टरला साधारणपणे १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची बॅटरी लावून देतात. गुणाकार केला की १,८०० वॉट-तास होतात. ते सगळे वापरता येत नाहीत. बॅटरी दर वेळी तळापर्यंत रिकामी केली तर लवकर खलास होते, शिवाय इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो. हाती लागतात अकराशे-बाराशे. छताचा साधा पंखा ७० ते ७५ वॉट आणि ९ वॉटचे दोन दिवे धरले, तर बारा-तेरा तास. एक रात्र निघाली. दुसऱ्या दिवशी बॅटरी भरायची कशावर? चार-सहा तासांच्या भारनियमनाला इन्व्हर्टर चांगला, खांब पडल्यावर त्याचा उपयोग नाही. आणि तुमचा पंप त्यावर चालायचा नाही. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट, आणि सुरू होताना पंप त्याच्या कितीतरी पट ओढ घेतो.

वादळानंतर आमच्या वाडीत अंधाराबद्दल फारसं कुणी बोललं नाही. सात-साडेसातला जेवून माणसं आडवी होत होती. जीव काढला तो पाण्याने. विहिरीत पाणी आहे, काठावरून दिसतंय, आणि घरात दोर नाही. पंप आल्यावर कित्येकांनी कप्पी भंगारात घातली होती. काही घरांनी विहिरीवर लोखंडी जाळी बसवून ती चारही बाजूंनी वेल्डिंगने बंद करून टाकली होती. पोरं पडू नयेत म्हणून जाळी हवीच. पण तिला बादली जाईल एवढी झडप ठेवा, झडपेला कुलूप ठेवा आणि किल्ली सगळ्यांना माहीत असू द्या.

आता दोराचं. नायलॉनचा दोर कुजत नाही, पण बारीक घेतलात तर भरलेल्या पोहऱ्याबरोबर तळहात सोलून काढतो. अंगठ्याएवढा जाड घ्या. काथ्याचा दोर हाताला बरा लागतो, भिजला तरी निसटत नाही. मात्र तो ओला तसाच टाकला की कुजतो, म्हणून रोज वाळत घालावा लागतो. लांबी मोजताना मे महिन्यात पाणी जिथे जातं तिथपासून मोजा, आणि वर दहा फूट जास्त ठेवा. कप्पीची खोबण दोराच्या जाडीची हवी. खोबण रुंद आणि दोर बारीक असला की दोर बाजूला घसरून अडकतो, आणि अर्ध्यावर भरलेला पोहरा लटकत राहतो. लोखंडी पोहरा मिळाला तर उत्तम. प्लास्टिकची बादलीच असेल तर ती पाण्यावर तरंगत बसते, कितीही दोर हलवा. तिच्या काठाला एका बाजूने मुठीएवढा दगड किंवा मोठा लोखंडी नट बांधा. बादली त्या अंगाला कलते आणि भरते. आणि एक गळ घरात असू द्या. नवख्या हातून पोहरा सुटतोच, गळ नसला तर तो वर कसा काढणार?

गाठ कशी मारायची ते मी इथे लिहून समजणार नाही. सासूबाईंना विहिरीवर खुर्ची टाकून बसवा आणि त्यांच्याकडून शिका. त्यांच्या हातांनी आयुष्यभर पाणी शेंदलेलं आहे.

हे सगळं, जाळीच्या झडपेसकट, दोन-तीन हजारांत व्हावं. त्यानंतर दोनशे लिटरची दोन पिंपं घ्या. आपत्तीच्या काळात माणशी रोज किमान १५ लिटर पाणी धरतात, म्हणजे पिणं, स्वयंपाक, अंग पुसणं असं सगळं मिळून. तुम्ही पाच जण, म्हणजे रोजचे ७५ लिटर. दोन पिंपांत पाच दिवस निघतात. पावसाळ्यात तर पन्हळीखाली पिंप ठेवायचा अवकाश. दहा बाय दहा फुटांच्या छपरावर नुसता दहा मिलिमीटर पाऊस पडला तरी नव्वद लिटरच्या आसपास पाणी येतं, आणि आपल्याकडे दहा मिलिमीटर म्हणजे एक सर. पहिल्या पावसाचं पाणी वाहू द्या, त्यात पाला, धूळ, पाखरांची घाण असते. नंतरचं संडासाला, भांड्यांना, कपड्यांना बिनघोर वापरा.

पिण्याचं पाणी मात्र विहिरीचं असो की पन्हळीचं, उकळूनच. चांगल्या उकळ्या फुटल्यावर आणखी मिनिटभर ठेवायचं. वादळाचा इशारा आला की विहिरीवर ताडपत्री घालून कडेने दगड ठेवा, नाहीतर पाला-फांद्या पडून पाणी कुजतं. तसं झालंच तर ग्रामपंचायतीकडे टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर असते. विहिरीत किती टाकायची हे पाण्याच्या मापावर ठरतं, त्यामुळे ती आपल्या मनाने न टाकता पंचायतीच्या माणसाकडून टाकून घ्या.

ज्यांच्याकडे विहीर नाही, बोअर आहे, त्यांच्यासाठीही इथेच सांगते. बोअरमध्ये पंप सोडलेला असताना पोहरा जात नाही. तुमची भिस्त छपरावरच्या टाकीवर आणि वाडीतल्या हातपंपावर. तो हातपंप आज चालू आहे का, हे आजच जाऊन हापसून बघा. बंद असेल तर पावसाळ्याआधी पंचायतीत अर्ज द्या.

उरलेल्या पैशांतून गॅसचं दुसरं सिलिंडर, आत बॅटरी असलेले दोन एलईडी बल्ब, एक चांगली टॉर्च. आणि दोन-तीन हजार रुपये दहा-वीस-पन्नासच्या नोटांमध्ये घरात ठेवा. वीज नाही म्हणजे एटीएम नाही, टॉवर नाही म्हणजे मोबाइलवरून पैसे देणं नाही. दुकानात तांदूळ असूनही खरेदी करता येत नाही अशी वेळ आमच्याकडे लोकांवर आलेली आहे.

वीज नसताना खाण्याची काय तयारी ठेवावी? बिस्किटं आणि नूडल्स भरून ठेवावेत का? (साताऱ्याहून एक भगिनी)

नको. जे एरवी खाता तेच थोडं जास्त ठेवा, आणि जुनं आधी वापरा. निराळं आणलेलं खाणं कपाटात तसंच पडतं, आणि लागतं तेव्हा मुदत उलटलेली असते.

एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. वीज गेली की गिरणीही बंद. डब्यात गहू-ज्वारी भरपूर आणि पीठ दोन दिवसांचं, अशी गत होते. म्हणून वादळाची, पुराची चाहूल लागली की पंधरा दिवसांचं दळण आणून ठेवा. त्याहून जास्त नको, पावसाळी हवेत पिठात अळ्या होतात. आम्हा कोकणातल्यांचं बरं आहे, आमचा भात दळावा लागत नाही. तुमच्याकडे भाकरीवर पोट असतं, तर तांदूळ, पोहे, जाड रवा, दलिया यांचा साठा थोडा वाढवा.

न शिजवता किंवा पाच-दहा मिनिटांत होणारं खाणं घरात असूच द्या. कुळथाचं पीठ असलं की पिठलं. मेतकूट-भात. सातूचं पीठ गूळ-पाण्यात कालवून मुलांना. आमसुलं, लोणचं, शेंगदाण्याची चटणी, आणि खात असाल तर सुकट-जवळा. मिक्सर नसला म्हणून वाटण अडायला नको. माळ्यावरचा पाटा खाली काढा, पण तो गुळगुळीत झाला असेल तर आधी टाकी लावून, म्हणजे छिन्नीने टोचून खडबडीत करून घ्या. गुळगुळीत पाट्यावर खोबरं वाटायला बसलात तर हात मोडतील आणि वाटण होणार नाही. टाकी लावणारे आता क्वचित फिरतात. दारावरून गेले तर परत पाठवू नका.

गॅस पुरवून वापरायचा उपाय सांगते. तांदूळ धुऊन दुप्पट पाणी घाला, घट्ट झाकणाच्या जाड पातेल्यात खळखळून उकळी आणा, आणि पाचेक मिनिटं उकळू द्या. मग गॅस बंद करून पातेलं झाकणासकट जुन्या गोधडीत सगळ्या बाजूंनी गुंडाळा आणि टोपलीत किंवा खोक्यात घट्ट बसवून ठेवा. खाली आणि वरही गोधडीच्या घड्या हव्यात, उष्णता तळातूनही जाते. पाऊण तासाने भात मोकळा शिजलेला मिळतो. मधे उघडून बघायचं नाही. तूरडाळ रात्री भिजत घालून कुकरच्या दोन शिट्ट्या काढायच्या आणि कुकर असाच गुंडाळायचा. निम्म्याहून कमी गॅसवर काम होतं. फक्त हे अन्न त्याच वेळी खायचं, किंवा डाळ परत उकळून घ्यायची. कोमट राहिलेलं अन्न रात्रभर गोधडीत ठेवलं तर आंबतं आणि पोट बिघडवतं.

फ्रीज दार न उघडता चार तास धरतो. त्यानंतर दूध आणि मासळी यांचा मोह धरू नका.

माझ्या वडिलांना दिवसातून दोनदा इन्सुलिन लागतं. तुम्ही मागे माठाचा उल्लेख केला होता. वीज चार-आठ दिवस गेली तर इन्सुलिन माठात ठेवलं तर चालेल का? (अकोला)

तुमच्याकडे चालेल, माझ्याकडे तितकंसं नाही. कारण सांगते. माठ गार होतो तो त्याच्या अंगातून झिरपलेलं पाणी वाऱ्यावर उडून जातं म्हणून. अकोल्यात उन्हाळ्यात हवा कोरडी, पाणी झपाट्याने उडतं आणि माठ चांगला गार पडतो. आमच्याकडे जूनमध्ये हवाच पाण्याने भरलेली असते, माठ बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम गार राहतो.

आता इन्सुलिनबद्दल. न उघडलेली कुपी किंवा पेन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते. वापरात असलेली मात्र बहुतेक प्रकारांत खोलीच्या तापमानाला, म्हणजे २५ ते ३० अंशांच्या आत, साधारण चार आठवडे चालते. प्रकाराप्रमाणे यात फरक असतो, म्हणून खोक्यातला कागद काढून तुमच्या इन्सुलिनचा नेमका आकडा वाचा, आणि तो फ्रीजच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहून लावा. म्हणजे वीज गेली की पहिल्याच तासात हातपाय गाळायचं कारण नाही. अडचण अकोल्याच्या मे महिन्यात आहे, कारण तिथे घरातही ३० अंशांच्या वर पारा असतो.

त्यासाठी एक मोठी कुंडी घ्या, तिच्यात लहान माठ ठेवा, मधल्या जागेत वाळू भरा आणि ती वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करा. इन्सुलिन घट्ट झाकणाच्या डबीत घालून आतल्या कोरड्या माठात ठेवा, वर ओलं फडकं टाका. हे सगळं सावलीत आणि वारा लागेल अशा जागी. आत साधा थर्मामीटर ठेवा, म्हणजे अंदाजावर राहायला नको. बर्फ मिळालाच तर कुपी थेट बर्फावर ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन नंतर पातळ झालं तरी फुकट गेलेलं असतं. एरवी पाण्यासारखं स्वच्छ असणारं इन्सुलिन गढूळ दिसलं किंवा त्यात कण दिसले, तर ते टोचायचं नाही.

सहा महिन्यांचा साठा एकदम करू नका. महिनाभराचा पुरे, फ्रीज बंद पडला तर नुकसान तेवढंच. आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा, की आठ दिवस वीज नसेल तर आम्ही काय करावं. हाच प्रश्न दम्याच्या रुग्णांच्या घरच्यांनीही विचारावा. विजेच्या वाफेच्या यंत्राऐवजी (नेब्युलायझरऐवजी) नळीचा पंप, म्हणजे इनहेलर, कसा घ्यायचा, हे वीज असतानाच शिकून घ्यायचं असतं. ज्यांच्या घरात प्राणवायूचं विजेवर चालणारं यंत्र आहे, त्यांनी मात्र घरगुती उपायांवर विसंबू नये. माणसाला कुठल्या रुग्णालयात आणि कोणत्या वाहनाने न्यायचं, हे आधीच ठरलेलं हवं.

पॉवर बँक किती मोठी घ्यावी? (रत्नागिरी, महाविद्यालयीन विद्यार्थी)

१०,००० एमएएचची (मिलिअँपिअर-तासांची) पुरे. मात्र फोनपर्यंत त्यातले सहा-साडेसहा हजारच पोचतात, म्हणजे आजचा मोठा फोन एकदा भरून थोडं उरतं. त्यापेक्षा घरात एक जुना बटणांचा फोन ठेव. त्याची बॅटरी हजारेकाची असते आणि ती कित्येक दिवस जाते. टॉवर पडलेला असताना फोन सारखा रेंज शोधत राहतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते, तेव्हा तो विमान मोडवर टाक आणि ठरलेल्या वेळीच चालू कर. महत्त्वाचे नंबर वहीत लिहून ठेव. सेलवर चालणारा छोटा रेडिओही घे. फोन बंद पडल्यावर हवामानाची बातमी आकाशवाणीवरूनच कळते.

रात्री मुलांच्या अभ्यासासाठी मेणबत्ती की रॉकेलचा कंदील? (पालघर)

दोन्ही नको. रॉकेल आता सहज मिळत नाही, त्याचा धूर मुलांच्या छातीला वाईट, आणि मच्छरदाणीजवळ ज्योत म्हणजे आगीला आमंत्रण. लहान सौर कंदील घ्या, पण पावसाळी ढगांत तो उन्हाच्या दिवसाच्या पावभरच भरतो हे धरून चला. मी सगळ्यांना सुचवते ती कपाळावर बांधायची बॅटरी. आमच्याकडे रात्री खेकड्यांना जाणारी मंडळी वापरतात ती. दोन्ही हात मोकळे राहतात, त्यामुळे अभ्यासाला, चुलीपाशी, रात्री विहिरीवर, सगळीकडे चालते. एरवी मुलांचा अभ्यास दिवसाउजेडी करून घ्या. मेणबत्ती लावायचीच झाली, तर पाणी घातलेल्या ताटात उभी करा आणि ती जळत असताना खोलीत जागं माणूस हवं.

आम्ही ठाण्यात अठराव्या मजल्यावर राहतो. आमच्यासारख्यांनी काय करावं?

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई-ठाण्यात वीज गेली, लोकल थांबल्या, ते आठवत असेल. उंच इमारतीत तुमची विहीर म्हणजे गच्चीवरची टाकी, आणि ती भरणारा पंप विजेवर. सोसायटीच्या सभेत दोनच प्रश्न विचारा. जनरेटरवर लिफ्टबरोबर पाण्याचा पंप जोडलेला आहे का, आणि डिझेल किती तासांचं असतं. पंप जोडलेला नसेल तर तो जोडून घेण्याचा ठराव करा. घरात पिण्याचं पाणी दोन दिवसांचं भरून ठेवा, आणि विजेवर चालणाऱ्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राशेजारी उकळण्यासाठी एक मोठं पातेलं. इंडक्शनवरच स्वयंपाक करत असाल तर एक छोटी गॅस शेगडी असू द्या. मजल्यावर एकटी वयस्कर माणसं कोण आहेत, याची यादी करा. अठरा मजले उतरून त्यांना औषध आणता येणार नाही, ते कुणीतरी आणून द्यायला हवं.

मुलाने छोटा जनरेटर आणलाय. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून तो घरातल्या प्लगला जोडला की सगळं घर चालतं म्हणतो. आवाज होतो म्हणून पडवीत ठेवणार आहोत. बरोबर आहे का? (दापोली तालुका)

अजिबात नाही. कृपा करून ती वायर आजच तोडून टाका.

प्लगमधून घरात सोडलेली वीज मीटरमधून उलटी बाहेरच्या तारांवर जाते. रोहित्रातून (ट्रान्सफॉर्मरमधून) ती उलटी गेली की तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढतो. त्या तारेवर कुणीतरी लाइनमन काम करत असतो. ‘निसर्ग’च्या वेळी दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेले वायरमन भर पावसात, चिखलात खांब उभे करत होते. लाइन बंद आहे या भरवशावर माणूस तारेला हात लावतो आणि आपल्या घरातल्या टीव्हीसाठी त्याचा जीव जातो. जनरेटर जोडायचाच असेल तर परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, म्हणजे बाहेरची लाइन पूर्ण तुटते. तो खर्च नको असेल तर जनरेटरलाच एक्स्टेंशन बोर्ड लावून त्यावर फक्त हवं तेवढं चालवा.

आणि पडवीत नको. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपेत माणूस जातो. पडवीतून तो दारा-खिडक्यांतून सरळ माजघरात येतो. घरापासून निदान वीस फूट लांब, खिडक्यांच्या विरुद्ध बाजूला, वर पत्र्याचा आडोसा करून चारही बाजू मोकळ्या ठेवा. पेट्रोल ओतायच्या आधी इंजिन बंद करून गार होऊ द्या.

वादळानंतर रस्त्यावर, बागेत तार पडलेली दिसली तर ती मेलेली आहे असं समजू नका, गावात वीज नसली तरीही. कुणाच्या तरी घरी तुमच्या मुलासारखीच वायर केलेली असू शकते. लांबूनच माणसं-गुरं अडवा, काठीनेसुद्धा तार हलवू नका, आणि फोन लागत असेल तर १९१२ वर कळवा. लागत नसेल तर एकाने तिथेच उभं राहायचं आणि दुसऱ्याने वीज कार्यालयात जायचं.